महाधमनीतल्या काळ्या रेघा

माणसाच्या महाधमनीचा पातळ काप स्लाइडवर घेऊन त्याला वेरहॉफचा स्टेन दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या नागमोडी रेघा दिसतात. एकीखाली एक, पन्नासच्या आसपास. रेघांच्या मधल्या जागेत पिवळसर स्नायुपेशी आणि लाल कोलॅजेन. चिरोटा कापल्यावर त्याचे पदर जसे सुटे दिसतात आणि तरी एकमेकांना धरून असतात, तशी ही भिंत असते. बॉस्टनच्या फ्रेडरिक वेरहॉफ यांनी हा स्टेन १९०८ मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या प्रयोगशाळा अजूनही तो वापरतात. आमच्या विभागातले मामा तो प्रत्येक वेळी नव्याने बनवायचे. हिमॅटॉक्सिलीन, फेरिक क्लोराइड, आयोडीन, याच क्रमाने. "मॅडम, कालचा स्टेन आज नीट चढत नाही," असं म्हणून ते उरलेला ओतून द्यायचे. जास्तीचा रंग काढताना थोडं अधिक थांबलं तर बारीक तंतूंचा रंगही निघून जातो. म्हणून त्या वेळी मामांशी कोणी बोलायचं नाही, असा विभागात दंडकच होता.

मी पॅथॉलॉजी शिकवून निवृत्त झाले. या काळ्या रेघा म्हणजे लवचिक तंतूंचे थर. 'शरीरातलं रबर' असं विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि त्यात खोटं काही नाही. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत या तंतूंबद्दल जे कळलं, ते ताणण्या-आकसण्याच्या फार पलीकडचं आहे. पेशी हे तंतू तयार करते, त्यांना धरून राहते आणि मग जन्मभर त्यांच्याकडून सूचना घेते. वाढ, थांब, सरक, आवळ. तंतू बिघडले की पेशी बहकते. कितीतरी आजार या बहकण्यातून होतात. हे डॉक्टरांपुरतं राहू नये, घराघरात कळावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी तंतूचं मुख्य काम. हृदय आकसतं तेव्हा महाधमनी फुगते आणि हृदय विसावतं तेव्हा ती परत आवळते. त्या आवळण्यामुळे दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेतही रक्त पुढे सरकत राहतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख, आणि सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून जास्त. एवढ्या वेळा ताणून पूर्ववत होणारं हे द्रव्य म्हणजे इलॅस्टिन नावाचं प्रथिन. फुप्फुसात, त्वचेत, कानाच्या पाळीत, स्वरतंतूंत, मणक्यांच्या मधल्या पिवळ्या बंधात ते असतं. गाईबैलांच्या मानेत तर त्याचा जाडजूड पिवळा पट्टाच असतो. जनावर चरायला मान खाली घालतं तेव्हा तो ताणला जातो आणि मान वर उचलताना बराचसा भार तोच हलका करतो.

हा तंतू तयार कसा होतो, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. धमनीतली स्नायुपेशी किंवा त्वचेतली फायब्रोब्लास्ट पेशी आधी ट्रोपोइलॅस्टिन नावाचा सुटा रेणू बनवते. हा रेणू इतका चिकट स्वभावाचा, की पेशीच्या आतच त्याच्या गुठळ्या व्हायच्या. म्हणून त्याला बाहेर पोचवायला पेशी एक सोबती प्रथिन देते. पेशीच्या पृष्ठभागाशी आल्यावर सोबती सुटतो आणि ट्रोपोइलॅस्टिनचे बारीक गोळे तिथेच जमतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या गोळ्यांना वेळेनुसार रंग बदलणारं चमकतं प्रथिन जोडलं आणि जिवंत पेशींचं चित्रण केलं. पेशी इकडेतिकडे हलतात, अंगावरचे गोळे वाहून नेतात, जवळच्या तंतूला चिकटवतात, आणि लहान गोळे मिळून मोठे होतात, असं त्यांना दिसलं. पेशी नुसता माल बाहेर टाकून मोकळी होत नाही. ती स्वतःच्या हालचालीने तंतू बांधते.

गोळे जिथे बसवायचे, तिथे आधी फायब्रिलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी विणलेली असते. लिन सकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये फायब्रिलिन शोधलं. त्याची गोष्ट पुढे येते. जाळीवर गोळे नीट बसायला फिब्युलिन-५ सारखी मध्यस्थ प्रथिनं लागतात. फिब्युलिन-५चं एक टोक इलॅस्टिनला धरतं आणि दुसरं पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन या पकडींना. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. उंदरांची कातडी लोंबत होती, महाधमनी वेडीवाकडी झाली होती आणि फुप्फुसातले वायुकोश फुगले होते. एका मध्यस्थाच्या गैरहजेरीत तिन्ही अवयव एकदम बिघडले.

शेवटी हे सगळे रेणू एकमेकांना कायमचे जोडावे लागतात. ते काम लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम करतं आणि त्याला तांबं लागतं. १९६१ मध्ये अमेरिकेत ओ'डेल आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांना तांब्याविना खाद्य दिलं, तर त्यांच्या महाधमन्या फुटल्या. इंग्लंडमध्ये पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये या जोडाचं रसायन उलगडलं. लायसिन या अमिनो आम्लाचे चार रेणू मिळून एक कडं तयार होतं. त्याला डेस्मोसिन म्हणतात.

याच एन्झाइमला अडवणारं एक विष आपल्या बागांतल्या गोड वाटाण्याच्या, म्हणजे स्वीट पीच्या बियांत असतं. १९५२ मध्ये आयोवातल्या इग्नासिओ पोन्सेटी आणि बेअर्ड यांनी उंदरांना त्या बिया खाऊ घातल्या, तेव्हा त्यांचे कणे वाकले आणि महाधमन्या चिरल्या. पोन्सेटी हे नाव आपल्याकडच्या अनेक आईबापांना ठाऊक असेल. बाळाचं वाकडं पाऊल प्लॅस्टर घालून सरळ करण्याची पद्धत त्यांचीच. वर्गात हे सांगितलं की विदर्भातली मुलं हमखास विचारायची, "मॅडम, म्हणजे आमच्याकडच्या लाखोळीच्या डाळीतलंच विष का?" प्रश्न रास्त. लाखोळी त्याच कुळातली आहे, पण तिच्यातलं विष वेगळं आहे. ते मज्जासंस्थेवर घाला घालतं आणि पाय लुळे करतं. तंतूंच्या जोडाशी त्याचा संबंध नाही.

असा पक्का जोडलेला तंतू किती टिकतो? १९९१ मध्ये सेंट लुइसमधल्या शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून काढलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. फुप्फुसातलं इलॅस्टिन जर सारखं नव्याने बनत असेल, तर बाँबच्या आधी वाढलेल्या माणसांच्या इलॅस्टिनमध्येही हा कार्बन भरपूर सापडायला हवा. तो जेमतेम सापडला. हिशेब करता इलॅस्टिनमधला कार्बन सरासरी ७४ वर्षं तिथेच राहतो असं निघालं. पोटात असताना आणि लहानपणी पेशी हा तंतू बनवते, मोठेपणी जवळजवळ थांबते. आजोबांच्या छातीत आज जो तंतू ताणतो आहे, तो त्यांच्या बालपणीचा आहे.

आता या लेखाचा गाभा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या युटाहमध्ये मार्क कीटिंग यांच्या प्रयोगशाळेत डीन ली यांनी इलॅस्टिनचं जनुकच नसलेले उंदीर तयार केले. आपण काय अपेक्षा करू? लवचिकपणा नाही, तर धमनी फुगेल, फाटेल, रक्तस्राव होईल. तसं झालं नाही. जन्मानंतर चार-साडेचार दिवसांत ही पिलं मेली ती धमन्या बंद होऊन. भिंतीतल्या स्नायुपेशी वाढत, सरकत आतल्या पोकळीत शिरल्या आणि त्यांनी वाटच बुजवली. रक्तदाबाच्या माऱ्याने असं झालं असेल का, हे पाहायला धमन्या शरीराबाहेर काढून, रक्त नसताना, बशीत वाढवल्या. तिथेही तेच घडलं. पुढे २००३ मध्ये याच गटाने इलॅस्टिन नसलेल्या स्नायुपेशींना बाहेरून इलॅस्टिन दिलं. पेशींची वाढ थांबली, त्यांच्या आतले आकुंचनाचे धागे रांगेत आले आणि त्या पुन्हा शहाण्या स्नायुपेशीसारख्या वागू लागल्या.

या प्रयोगाने माझी शिकवण्याची दिशाच बदलली. त्याआधी मी स्लाइडवरच्या काळ्या रेघा दाखवायचे, नंतर रेघ आणि पेशी जिथे भेटतात ती जागा दाखवू लागले. साध्या सूक्ष्मदर्शकात ती नीट दिसत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात दिसतं, की इलॅस्टिनच्या थरातून बारीक फांद्या निघून स्नायुपेशीच्या काठावरच्या दाट ठिपक्यांना भिडलेल्या आहेत, आणि पेशीच्या आतून आकुंचनाचे धागे नेमके त्याच ठिपक्यांना येऊन बांधलेले आहेत. भिंत ताणली की पेशीला ते आतपर्यंत कळतं. पेशी आवळली की थरही ओढला जातो. एक नातं, दोन्ही बाजूंनी.

किती थर घालायचे हेही या नात्यातूनच ठरत असावं, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार जुना आहे. वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह यांनी १९६७ मध्ये उंदरापासून डुकरापर्यंत दहा सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या मोजल्या. प्राणी मोठा तसे थर जास्त, पण एका थरावर पडणारा ताण सगळ्यांत जवळपास सारखा. म्हणजे वाढीच्या काळात भिंतीतली पेशी ताण मोजते आणि तेवढे थर घालते. इलॅस्टिनच्या जनुकाची एकच प्रत ज्यांना मिळते, त्यांची महाधमनी तपासली तर थर नेहमीपेक्षा अडीच पट सापडतात. माल अपुरा, म्हणून पेशी पातळ थर घालत राहते, आणखी घालत राहते, आणि भिंत जाड होऊन पोकळी अरुंद होते.

ही माणसं कोण? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथले हृदयरोगतज्ज्ञ जॉन विल्यम्स यांनी १९६१ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. हृदयातून निघताच महाधमनी आवळलेली, चेहऱ्याची एक ठरावीक ठेवण, बौद्धिक वाढ मंद, आणि अनोळखी माणसाशीही जिव्हाळ्याने बोलण्याचा स्वभाव. कारण कळायला १९९३ साल उजाडलं. सातव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, त्यात पंचवीसच्या आसपास जनुकं जातात आणि त्यांतलं एक इलॅस्टिनचं. धमनीचा सगळा त्रास त्या एकाच्या जाण्याने. अशी मुलं शिशुवर्गाच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांची लाडकी असतात. त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणं मात्र राहून जाऊ नये.

फायब्रिलिनची गोष्ट याहून नाट्यमय आहे. पॅरिसच्या अँतोन मार्फान यांनी १८९६ मध्ये गाब्रिएल नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं. लांब हातपाय, कोळ्यासारखी लांब बोटं. गंमत म्हणजे आज अनेक तज्ज्ञांना वाटतं, की तिला वेगळाच, जवळचा आजार असावा. पण नाव मार्फान यांचंच राहिलं. उंच, सडपातळ बांधा, छातीचं हाड आत किंवा बाहेर, डोळ्यातलं भिंग सरकलेलं, आणि महाधमनीचं बूड फुगत जाणारं. साधारण पाच हजार माणसांत एकाला हा आजार असतो. १९९१ मध्ये त्याचं मूळ पंधराव्या गुणसूत्रावरच्या फायब्रिलिनच्या जनुकात सापडलं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं सगळ्यांची समजूत सरळ होती. फायब्रिलिन कमकुवत, म्हणून तंतू कमकुवत, म्हणून भिंत झिजते. यावर औषध काय असणार? पण काही गोष्टी बसत नव्हत्या. झिजेने हाडं लांब कशी होतील? २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या हॅल डाएट्झ यांच्या गटाने मार्फानचा आजार असलेल्या उंदरांची फुप्फुसं तपासली. वायुकोश रुंद होते, पण ते जन्मापासूनच तसे, झीज नव्हती, सूज नव्हती. तिथे टीजीएफ-बीटा नावाचा संदेश देणारा रेणू बेसुमार जागा झाला होता. फायब्रिलिनचे धागे हा रेणू झोपलेल्या अवस्थेत बांधून ठेवतात आणि पेशी आपल्या इंटेग्रिनच्या पकडीने ओढून तो गरजेपुरता सोडवून घेते. धागेच विस्कटले तर हिशेब कोण ठेवणार? त्या रेणूला अडवणारी प्रतिपिंडं दिल्यावर उंदरांची फुप्फुसं सुधारली.

२००६ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की रक्तदाबाची साधी गोळी लोसार्टन या उंदरांच्या महाधमनीचं फुगणं रोखते. जगभरच्या मार्फानग्रस्त कुटुंबांत आशा पसरली. पुढे ६०८ मुलं आणि तरुणांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१४ मध्ये आला: अटेनोलॉल या जुन्या औषधापेक्षा लोसार्टन सरस ठरलं नाही. अनेकांचा हिरमोड झाला. पण २०२२ मध्ये अनेक चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा लोसार्टनच्या जातीच्या औषधांनी बूड फुगण्याचा वेग जवळपास निम्म्याने कमी होतो असं दिसलं. उंदरात दिसलेला चमत्कार माणसात झाला नाही, पण उपयोग निश्चित झाला. मला हे यश मोठं वाटतं.

पण औषध द्यायला आधी आजार ओळखला जायला हवा. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. उंची सहा फुटांच्या बरीच वर. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर कोसळली आणि गेली. वय ३१. शवविच्छेदनात महाधमनी चिरलेली आढळली. मार्फान असल्याचं ती जिवंत असताना कोणालाच कळलं नव्हतं. नंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

असाच एक नमुना माझ्या टेबलावर आला होता. विशीतला उंच पोरगा, कबड्डी खेळणारा. छातीत दुखलं म्हणून घरच्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली होती, सकाळपर्यंत सगळं संपलं. मामांनी स्टेन करून स्लाइड माझ्यापुढे ठेवली. काळ्या रेघा मधेमधे तुटलेल्या, तुटलेल्या जागी निळसर पाण्यासारखं द्रव्य साचलेलं आणि स्नायुपेशी विखुरलेल्या. रिपोर्ट घ्यायला त्याची आई आणि त्याचे मामा आले होते. मी समजावून सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "बाई, धाकट्याचं काय?" धाकटा बाहेर बाकावर बसला होता, तसाच उंच. त्याचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्याच आठवड्यात झाला. बूड फुगलेलं होतं. त्याला गोळ्या सुरू झाल्या आणि पुढे वेळेवर शस्त्रक्रियाही झाली.

फुप्फुसाबद्दल थोडं. स्वीडनमधल्या माल्मो इथे लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये रक्ताच्या सुमारे दीड हजार नमुन्यांत पाच असे पाहिले, ज्यांत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन नव्हतं. पाचांपैकी तिघांना कमी वयात एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती तुटून ते फुगण्याचा आजार, झालेला. त्याच सुमारास अमेरिकेत प्राण्यांच्या फुप्फुसात पपेन घातलं, तर हुबेहूब तसाच आजार झाला. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं, मटण मऊ करणारं एन्झाइम. दोन्ही गोष्टी जुळल्या. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज नावाचं इलॅस्टिन तोडणारं एन्झाइम सोडतात, आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिन त्याला आवर घालतं. विडी-सिगारेटचा धूर पांढऱ्या पेशींना फुप्फुसात बोलावतो आणि त्याच वेळी हा आवर निकामी करतो. आणखी वाईट गोष्ट १९८० मध्ये कळली. तुटलेल्या इलॅस्टिनचे तुकडे स्वतःच नव्या पांढऱ्या पेशींना ओढून आणतात. तंतू तुटतो, तुकडे हाक मारतात, पेशी येतात, आणखी तंतू तुटतात. म्हणून विडी सोडल्यावरही काहींचा एम्फिसीमा पूर्ण थांबत नाही. म्हणून ती लवकर सोडायला हवी. बालपणी बनलेला तंतू मोठं शरीर पुन्हा तसा बांधू शकत नाही, आणि आजचं कोणतंही औषध तो परत आणत नाही. चुलीच्या धुरात बसून आयुष्य काढलेल्या बायकांची फुप्फुसंही मी पाहिली आहेत. विडी न ओढता फुप्फुस असं होऊ शकतं, हे त्यांच्या घरच्यांना पटवून द्यायला मला वेळ लागायचा.

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत इलॅस्टिनचं क्रीम असतं. त्यातला रेणू कातडीवर राहतो. पेशी, जाळी, मध्यस्थ आणि तांब्याचं एन्झाइम यांच्याविना तो तंतू होत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

आणि ज्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा एखादं मूल वयाच्या मानाने फार उंच आणि किडकिडीत असेल, त्यांनी एवढं करावं. मुलाला अंगठा तळव्यात घेऊन मूठ मिटायला सांगा. अंगठ्याचं नख करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर येतं का पाहा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने मनगटाला विळखा घालायला सांगा. दोन्ही नखं एकमेकांवर चढतात का पाहा. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि उंचीशी ताडून बघा. या खुणा म्हणजे निदान नव्हे, अनेक निरोगी मुलांतही त्या सापडतात. पण खुणा असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून भिंग तपासून घ्या आणि टू-डी एको करा. आजार निघाला, तर सख्ख्या भावंडांचा आणि आईवडिलांचा एकोही करून घ्या, त्यांना कसलीच तक्रार नसली तरी.